दोराने बांधलेला देव

चपला बाहेर काढा आणि आधी देवाकडे नीट बघा. दर्शन नंतर घ्या. छातीवर काथ्याच्या दोराचे सात वेढे आहेत, पायाशी फणसाच्या लाकडाच्या पाचरी ठोकल्यात. नांदखोलच्या या देवळात देव असा करकचून का बांधलाय, हे विचारलंत की आमचे म्हातारे 'देवाची लीला' म्हणून मोकळे होतात. लीला देवाची नव्हती.

ही मूर्ती दूरच्या खाणीतून गलबताने आणायची होती. चाळीस मणांचा काळा दगड. गावचा जानबा खोत मानकऱ्यांना घेऊन जातीने तिथे गेला होता. मूर्ती चढवताना गलबत हाकणाऱ्या लखमा तांडेलाने ती बांधायला दोर आणि पाचरी बाहेर काढल्या, तसा खोत उसळला, असं सांगतात.

"देवाक चोरासारखो बांधतलंस? लाज आसा काय?"

"जमनीवर तो देव, खोतानू. दर्यात तो चाळीस मणांचो धोंडो. आवळल्याशिवाय मी शीड चढवचंय नाय."

"मग उद्यापासून बंदराक होडी लावू नको."

बाकीचे मानकरी माना डोलवत उभे. त्यांनीच देवाखाली केळीची पानं अंथरली, वर तेल-फुलं वाहिली. म्हणजे दगड आणखी निसरडा. एवढं करून हे शहाणे जमिनीवरून, पालखीतून परत निघाले. देव न बांधताच गलबतावर चढला लखमा आणि त्याचे अकरा खलाशी.

त्यांतला सुक्या तेवढा फळी धरून परतला. तो म्हणाला, पहिल्या लाटेला देव वीतभर सरकला. दुसरीला हातभर. लखमा खाली उतरून पाठ लावून उभा राहिला. तिसऱ्या लाटेला देव एका कुशीवर गेला आणि गलबत त्याच्या मागोमाग.

सातव्या दिवशी ओहोटीला मूर्ती किनाऱ्यावरच्या पुळणीत उभी दिसली. मागे समुद्रातून आलेला घसटल्याचा चर. मानकऱ्यांनी चमत्कार म्हणून वाजंत्री लावली. दुसऱ्या सकाळी ती माडांत होती. तिसऱ्या सकाळी वाटेवर. कुणी तिला हलताना पाहिलं नाही. फक्त लाकडावर दगड घासल्याचा आवाज ऐकू यायचा, आणि तिथे लाकूड नव्हतंच. तोंड सारखं वरच्या आळीकडे, खोताच्या घराकडे. नवस झाले, कोंबडे कापले. देव सरकतच राहिला.

तो खोताच्या पायरीशी टेकला तेव्हा लखम्याची बायको चांगुणा दोर घेऊन आली.

"बांधा, खोतानू."

"देवाक दोर? माझ्या हातान?"

"मग मी कशाक बांधू? माझो घोव तुमचो शब्द राखून गेलो."

आत खोताच्या छपराचं आढं कडाडलं. तेव्हा त्याने गाठ मारली. चांगुणाने ओढून पाहिली, सैल निघाली. पुन्हा मारायला लावली. सातव्या वेढ्याला आवाज थांबला. देऊळ मग तिथेच बांधलं, म्हणून ते असं खोताच्या दारात, भर वाटेत आहे.

आजही नारळी पौर्णिमेला दोर बदलतो. नवा दोर खोताच्या घरचा थोरला बांधतो, गाठ तांडेलाच्या घरची बाई तपासते. जुना सोडून नवा आवळेपर्यंत बारा जण देवाला खांदा लावतात. गेल्या वर्षी मीही लावला होता. दगड गार होता, ओला होता, आणि ढकलत होता.

खोताच्या दाराकडे.