तळाला टेकलेले पाय

एका जंगलात एक बसकी टेकडी होती आणि तिच्या पायथ्याच्या कुरणात दोन हरिणी बहिणी राहत असत. त्यांना आई नव्हती, म्हणून थोरलीच धाकटीची आई झाली होती. एके वर्षी माणसांनी खालच्या खिंडीत मोठा बांध घातला. ओढ्याचे पाणी अडले, तुंबले आणि भराभर वर चढले. त्या वेळी धाकटी टेकडीवर चरत होती आणि थोरली ओढा ओलांडून खारी माती चाटायला गेली होती. ती परत येऊन पाहते तो काय, ओढा नाही, कुरण नाही. जिकडे तिकडे पाणी आणि मधोमध टेकडीचे बेट.

वारा पडला की दोघी आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना हाका मारत.

"ताई, इथे अजून गवत आहे गं," धाकटी ओरडे. "पण रोज थोडं थोडं कमी होतंय."

"मी येते तुला न्यायला!" थोरली म्हणे. पण कशी जाणार, हे तिला ठाऊक नव्हते.

काठाच्या कपारीत एक म्हातारे पाणमांजर राहत असे. थोरली त्याच्याकडे गेली. पाणमांजराने तिचे सगळे ऐकून घेतले आणि मिशा पुसल्या.

"हरणं पोहतात गं. पण ओढा ओलांडणं वेगळं आणि हे वेगळं. इथे मध्ये दम घ्यायला दगड नाही की झुडूप नाही. तुला जायचंय आणि धाकटीला घेऊन परत यायचंय. तिने तुझ्या पाठीवर हनुवटी टेकवून मागे यायचं, म्हणजे तुझ्यात दोघींपुरतं बळ हवं. उन्हाळ्यात पाणी उतरेल, पण तोवर टेकडीवरचं गवत काही पुरायचं नाही. उद्यापासून लाग सरावाला."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. मान लांब करून पाण्यावर कशी ठेवायची, टेकडीच्या माथ्यावरच्या एकाच झाडावर नजर कशी खिळवायची, लाट नाकाशी आली तर श्वास कसा रोखायचा, हे सगळे पाणमांजराने दाखवले. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "दमलीस तर हळू पोह. पण पाय थांबवायचे नाहीत."

काठावरच्या उंबरापासून एका काळ्या खडकापर्यंतचे अंतर टेकडीपर्यंतच्या अंतराएवढेच होते. थोरली रोज काठाकाठाने उंबरापासून खडकापर्यंत पोहू लागली. पहिल्या दिवशी निम्म्यावर तिच्या छातीत धाप भरली, मांड्या जड झाल्या आणि नकळत तिचे पाय खाली गेले. खाली मऊ चिखल होता. ती क्षणभर उभी राहिली. बरे वाटले. मग पुन्हा पोहू लागली. पुढे रोज तसेच होऊ लागले.

"आज पाय टेकलेस," पाणमांजर म्हणाले.

"एकदाच टेकले, आजोबा."

"चार पाय टेकलेस, म्हणजे चारदा. उद्या मधल्या पाण्यात चल. मी शेजारी राहीन."

"उद्या नको. थोडी ताकद येऊ दे. परवा नक्की."

परवा वारा होता. त्यानंतर खुरात काटा मोडला होता. मग पाणी फार गार होते. खरे कारण एकच होते : मधल्या काळ्या पाण्याची तिला भीती वाटे. पण ते सांगायची तिला लाज वाटे.

उथळ पाण्यात एक बगळा एका पायावर उभा असे. तो म्हणे, "वा, हरिणीबाई! खडक गाठलात की! उगाच मध्ये कशाला जायचं? काठाचं पाणी काय, मधलं पाणी काय, दोन्ही ओलंच!"

पाणमांजर चिडून म्हणाले, "त्याचं ऐकतेस? त्याचे कधी गुडघे तरी भिजलेत का?"

पण थोरलीला बगळ्याचे बोलणे गोड लागे. त्याहून गोड लागे धाकटीची हाक. "ताई, आज तू खडकापर्यंत गेलीस! मी पाहिलं!" इतक्या दुरून धाकटीला पाण्यावरचे डोके तेवढे दिसे. खाली टेकलेले पाय तिला दिसत नसत. मुलांनो, थोरली तिच्याशी खोटे बोलली नाही. ती नुसती गप्प राहिली.

हिवाळा सरत आला. एके दिवशी धाकटीची हाक अगदी बारीक आली. "ताई, गवत संपलं. आज झाडाची साल खाल्ली. कडू लागते गं."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले. "उद्या सकाळी येते!" ती ओरडली.

"आधी एकदा मध्यावर चल," पाणमांजर म्हणाले. "तिथून परत फिरू. खाली काही नसलं की कसं वाटतं, ते पायांना कळू दे."

"आता वेळ कुठे आहे, आजोबा?"

"वेळ होता गं," पाणमांजर म्हणाले.

सकाळी पाणी शांत होते. थोरली उतरली आणि पाणमांजर तिच्या शेजारून निघाले. टेकडीवर धाकटी आनंदाने उड्या मारत होती. निम्मे अंतर चांगले गेले. मग रोजच्या जागी धाप लागली, मांड्या जड झाल्या आणि रोजच्यासारखे पाय खाली गेले.

खाली काहीच नव्हते.

ती पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. नाकातोंडात पाणी शिरले. "पाय चालव! हळू, पण चालव! झाडाकडे बघ!" पाणमांजर ओरडत होते. पण थोरलीने झाडाकडे पाहिले नाही. तिने मागच्या काठाकडे पाहिले. तिथे चिखल होता, तिथे उभे राहता येत होते. ती वळली.

टेकडीवरून धाकटीने ते पाहिले. ताई रोज एवढेच अंतर पोहते, मग आजच काहीतरी झाले असणार, असे तिला वाटले. "ताई, घाबरू नकोस, मी आले!" ती ओरडली आणि तिने पाण्यात उडी घेतली.

"नको! मागे फिर!" थोरली ओरडली, पण तिच्या तोंडात पाणी होते. पाणमांजर तिला सोडून बाणासारखे टेकडीकडे सुटले. थोरली कशीबशी काठाला लागली आणि वळून पाहू लागली. पाण्यावर एक लहान डोके होते. मग नव्हते.

पाणमांजर फार उशिरा परतले. त्याने नुसती मान हलवली. बगळा म्हणाला, "आपल्याला काय ठाऊक, एवढं खोल असेल म्हणून!" आणि दुसऱ्या काठाला उडून गेला.

काही दिवस थोरली चरली नाही. मग ती पाणमांजराकडे आली. "आजोबा, मला मध्यावर घेऊन चला."

"आता कोणासाठी गं?"

ती सरळ पाण्यात उतरली. पाणमांजर तिला मध्यावर घेऊन गेले. वारा असो, गार असो, ती रोज मधल्या पाण्यात गेली आणि एके दिवशी एकदाही न थांबता टेकडीला पोहोचली.

टेकडीवर झाडांची साल लहान तोंड पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत सोललेली होती. पाणी थोडे उतरले होते. जिथे पूर्वी उथळ पाणी होते, तिथे आता सुकत चाललेला चिखल उघडा पडला होता. त्या चिखलात काठाकाठाने लहान खुरांचे ठसे होते. थोड्या थोड्या अंतरावर चार-चार, मग मध्ये काही नाही, मग पुन्हा चार. धाकटीही ताईला पाहून पोहायला शिकत होती, आणि दमली की तिचेही पाय तळ शोधत होते.

एकाही ठशावर आपले खूर पडू न देता थोरली पाण्यापर्यंत गेली आणि एकटीच परत पोहत निघाली.

तात्पर्य : पायाखालची जमीन न सोडता केलेला सराव पुरा झाला असे मानू नये, आणि जो आपल्या भरवशावर बसला आहे, त्याच्यापासून तर तो अपुरेपणा मुळीच लपवू नये.