कानशीची जागा

आटपाट टेबल होतं. त्यावर धाकू मेस्त्री हातभर लांबीचं गलबत बांधत होते. कापणाऱ्या नव्या लेझर यंत्राने गलबताच्या चोवीस लाकडी फासळ्या तासाभरात कापल्या आणि लाकूड घासणाऱ्या म्हाताऱ्या कानशीला म्हटलं, "आजी, आता तुम्ही आराम करा."

मेस्त्रींनी फासळ्यांवर पहिली फळी वाकवली. ती नीट बसेना.

"माझं माप चुकत नाही!" लेझर तडकला.

"माप बरोबरच आहे, बाळा," कानस म्हणाली. "पण गलबत पुढे-मागे निमुळतं होत जातं. फळी टेकायला फासळीची कड तिरकी हवी. तू कापतोस सरळ खाली."

मग मेस्त्रींच्या हातात ती एकेका फासळीवर तिरकी फिरली. दातांत लेझरने जाळलेल्या कडांची काजळी भरली, तरी थांबली नाही. चोविसावी फासळी झाली आणि फळी अलगद टेकली.

लेझर हळूच म्हणाला, "आजी, पुढच्या गलबताच्या फासळ्या केसभर मोठ्या कापतो. तुमच्यासाठी जागा ठेवून."