ओल्या दाण्यांची चिठ्ठी

फार फार मागं, डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक गाव होतं. धुकं त्या गावात पाहुण्यासारखं यायचं आणि घरच्यासारखं राहायचं. लहानांनी ऐका, थोरांनीही ऐका.

त्या गावात नाणं नव्हतं. ज्याचे त्याचे दाणे राजाच्या कोठारात असायचे. काही घ्यायचं झालं की माणूस पानावर आपली खूण करून द्यायचा. ती चिठ्ठी कोठारावर नेली की दाणे मिळायचे. कोठारावर बसायचा एक म्हातारा करकोचा. बोलणं कमी, मोजणं पक्कं. ज्याच्या नावावर दाणा नाही, त्याच्या चिठ्ठीला चोचीनं भोक पाडून तो ती परत द्यायचा.

गावात एक गोधडीवाली होती. एकटी बाई, सुईवर जगणारी. तिच्या गोधडीखाली निजलं की तळ्याच्या तळाशी कोणी गातंय असं ऐकू यायचं म्हणे. नावाड्यानं लेकीच्या लग्नाला तिच्याकडून तीन गोधड्या नेल्या आणि बारा पायल्यांची चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी घेऊन गोधडीवाली कोठारावर गेली. करकोच्यानं भोक पाडलं. "याच्या नावावर दाणा नाही."

आठव्या दिवशी कापसाचे बैल यायचे होते. वर्षातून एकदाच यायचे, एक रात्र थांबायचे. दाणे नाहीत तर कापूस नाही, आणि कापूस नाही तर वर्षभर चूल थंड.

शेजारच्या तांबटानं चिठ्ठी बघितली. "अगं, बघत काय बसलीस? ठोक वेशीवर! हा घे खिळा."

भोक पडलेली चिठ्ठी वेशीवर ठोकली की गाव त्या माणसाशी देणंघेणं तोडायचं, अशी तिथली चाल होती. बाई तरातरा निघाली. वेशीवर कितीतरी जुनी पानं धुक्यात हलत होती, जसे झोपेत ओठ हलतात तशी.

"आजी," तिनं वेशीवरच्या राखणदारणीला विचारलं, "यातली फिटली किती?"

म्हातारी बोळकं पसरून हसली. "एकही नाही, बये. नावेत कोणी बसलंच नाही तर नावाडी तुझं देणं फेडणार कशातून?"

बाईनं खिळा ओच्यात टाकला आणि नावाड्याचं दार गाठलं. आवाज चढवला नाही, पण उंबऱ्यावर बैठक मारली.

"दादा, चिठ्ठी परत आली."

"असं कसं, मावशी? खूण केली त्याच दिवशी बारा पायल्या ओतल्यात मी, या हातांनी! तो म्हातारा दाणे मोजतोय का मासे?"

"चल, त्यालाच विचारू."

करकोच्यानं एक डोळा उघडला. "ओतलेत. ओट्यावर पडलेत. ओला दाणा मी मोजत नाही."

नावाड्याचं तोंड उतरलं. उतारू मूठमूठ दाणे देत, ते नावेच्या तळाशी भिजत पडत. कोठारात दाणे ठेवण्याची त्याची ही पहिलीच वेळ. ओतले म्हणजे जमा झाले, असं त्याला वाटलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," करकोचा म्हणाला आणि डोळा मिटला.

"ऊन पडलं की वाळतील, मावशी."

"हे धुकं महिनाभर हलत नाही. पलीकडच्या काठाला ऊन आहे ना? घाल दाणे नावेत. मीही येते, दाणा डोळ्याआड नको. आणि माझ्या हेलपाट्यांची एक पायली घरातून वर घाल."

"तू तर करकोच्याची बहीण शोभतेस!"

"शोभू दे. वल्हं उचल."

नाव निघाली. गाव पुसलं गेलं, काठ पुसला गेला, वल्ह्याचा आवाजही मऊ झाला. आकाशातून चाललोय की पाण्यातून, ते कळेना. मग एकाएकी ऊन लागलं, जसं कोणी कपाळावर हात ठेवावा. तीन दिवस दोघांनी दाणे पसरले, परतले, राखले.

सातव्या दिवशी करकोच्यानं एक दाणा चोचीत धरला. तो कट्टकन वाजला. "तेरा पायल्या जमा," तो म्हणाला. नावाड्यानं नवी खूण केली, बाईनं तिथंच दाणे मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी कापसाचे बैल आले आणि तिची खोली पांढऱ्या ढगांनी भरली.

पुढं नावाडी गावाला तळ्यापार नेत राहिला आणि गोधड्या तिच्याकडूनच घेत राहिला.

एके दिवशी रेशमी पागोट्याचा एक परका आला. "दहा गोधड्या दे, ही चिठ्ठी घे."

"बसा, पाणी घ्या," बाई म्हणाली. "कापड फाडायच्या आधी मी कोठारावर विचारून येते."

ती परत आली तेव्हा पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता आणि परका धुक्यात विरून गेला होता. बाईचं सूतभर कापडही वाया गेलं नाही.

म्हणून सांगते: चिठ्ठी परत आली तर आधी माणसाचं दार गाठावं, आणि पुढची चिठ्ठी घेण्याआधी कोठाराचं.