राखेचा मान आणि निळी बोरं

डोंगरांच्या पार पलीकडे एक मुलूख होता. तिथे हिवाळा पाहुण्यासारखा यायचा आणि जावयासारखा मुक्काम ठोकायचा. त्या मुलखातल्या एका गावात एक माळीण आपल्या सासूबरोबर राहायची. तिची जमीन देवदाराच्या रानाला लागून, पिढ्यान्‌पिढ्या झडलेल्या पानांनी माती पार आंबट झालेली. गहू पेरला तर खुरटायचा, लसूण लावला तर पिवळा पडायचा. गावातले लोक म्हणायचे, "हिच्या वाट्याला जमीन आलीच नाही, नुसती सावली आली!"

एकदा थंडीच्या तोंडाशी एक फिरता व्यापारी तिच्या ओसरीवर टेकला. माळणीनं त्याला गरम भाकरी वाढली. खूश होऊन त्यानं ओंजळभर निळी बोरं काढली. "खाऊन बघा. शहरात यांना ब्लूबेरी म्हणतात."

"याचं रोप कुठं मिळेल, दादा?"

"रोप? अहो ताई, मी खाणाऱ्यांना विकतो, लावणाऱ्यांना नाही! पण आंबट मातीत बरं येतं, एवढं ऐकून आहे."

आता ज्याला मातीची पारख असते, त्याला एवढं एक वाक्य पुरतं. सासूबाईंनी दोन बोरं तोंडात टाकली, तिसऱ्याला सुनेनं हात धरला.

"अगं, तोंडचा घास काढतेस?"

"आत्याबाई, हे खायचं नाही, पेरायचं!"

तिनं बोरं पाण्यात कुस्करली. गर वर तरंगला, बिया तळाशी बसल्या, खसखशीहूनही बारीक. देवदाराची कुजकी पानं दोन पाट्यांत भरून तिनं बिया वर नुसत्या भुरभुरल्या, कारण एवढ्याशा जिवाला मातीचं ओझं झेपलं नसतं. पाट्या ओल्या ठेवून सबंध हिवाळा बाहेर गारठ्यात राहू दिल्या. सासूबाई रोज म्हणायच्या, "बी पेरलंस की बर्फ पेरलास?" पण बर्फ वितळला आणि केसाएवढे हिरवे कोंब वर आले.

कोंबांनी जरा मूळ धरल्यावर माळणीनं सवयीनं एका पाटीत चुलीतली राख घातली. त्या पाटीतली रोपं पिवळी पडली आणि बघता बघता गेली. दुसरी पाटी हिरवीगार राहिली. माळीण हळहळली खरी, पण काय ते समजली. राख मातीचा आंबटपणा मारते; ज्या झाडाला आंबट माती हवी, त्याला राख म्हणजे विष.

उरलेली रोपं हातभर झाली, तेव्हा तिनं ती रानाकडेच्या वाफ्यात लावली. आणि इथेच पंचाईत झाली.

गावाची एक रीत होती. कुणी नवं झाड लावलं, की गावकारभारी घरोघरच्या चुलीतली राख टोपलीत गोळा करायचा, ताशा वाजवत यायचा आणि रोपांच्या बुडाशी घालायचा. थंडीच्या मुलखात चूल म्हणजे जीव, तिची राख म्हणजे साऱ्या गावाचा आशीर्वाद. रीत पोकळ नव्हती बरं का. गावातले अक्रोड आणि सफरचंदं त्या राखेवरच पोसली होती. पण माळणीच्या घराला हा मान कधी मिळाला नव्हता. सासूबाईंचं सगळं आयुष्य तो ताशा दुसऱ्यांच्या दारात ऐकण्यात गेलं होतं.

आज ताशा त्यांच्या दारात वाजला. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं. कारभाऱ्यानं मूठ भरली.

"थांबा, कारभारी! वाफ्यात राख नको. रोपं मरतील."

ताशा थांबला. कारभाऱ्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझ्या आज्यापासून घालतोय आम्ही. तुझ्या झाडाला गावाची राख विटाळते होय?"

सासूबाई कानाशी कुजबुजल्या, "घालू दे की चिमूटभर. नाही म्हटलंस तर उद्या आपल्याला कोण विचारील?"

माळणीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा रोपांकडे. बी संपलं होतं. व्यापारी पुन्हा फिरकला नव्हता. जे काही होतं, ते त्या वाफ्यात होतं. ती वाफ्यापासून दूर, वाटेच्या पलीकडे गेली आणि तिनं पदर पसरला.

"मान मला हवाय, कारभारी. माझ्या माथ्यावर घाला. रोपांवर नको."

चिडलेल्या कारभाऱ्यानं अख्खी टोपली तिच्या डोक्यावर रिकामी केली. लोक खो खो हसले. "भूत आलं, भूत!" माळीण पांढरीफटक उभी होती, पण डोळे मिटलेले नव्हते. हसणारे पांगल्यावर ती ओढ्यावर गेली, न्हाली, आणि केसांतला शेवटचा कण निघेपर्यंत वाफ्याकडे फिरकली नाही.

पुढची काही वर्षं गावात तिला कुणी पंगतीला बोलावलं नाही. ती पानं कुजवत राहिली, वाफे ओले ठेवत राहिली.

मग एका उन्हाळ्यात रानाची कड निळी झाली. बियांतून आलेली झुडपं ती, एकासारखं दुसरं नाही! एकाची बोरं टपोरी, एकाची आंबटगोड, एकाची इतकी गोड की पाखरं हाकलता हाकलेनात. बाजारचे व्यापारी घाट चढून आले आणि गावाला "निळ्या बोरांचं गाव" म्हणू लागले. सासूबाई बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेनं बियांपासून केलीत! आयती रोपं नाही आणली कुणाकडून!"

शेवटी कारभारीही आला. माळणीनं त्याच्यापुढे बोरांनी सूप भरून ठेवलं. त्यानं एक बोर खाल्लं, दुसरं खाल्लं, मग मान खाली घातली. "पोरी, त्या दिवशी मी गावाचा मान बघितला, झाड बघितलं नाही."

"मी दोन्ही बघितलं, कारभारी," माळीण म्हणाली. "म्हणून तर डोकं पुढं केलं."

तेव्हापासून त्या गावात ताशा कुणाच्याही दारात गेला, तरी कारभारी मूठ उघडण्याआधी विचारतो, "काय लावलंय, आणि त्याला काय लागतं?"

तात्पर्य काय, तर मान घेताना आपलं डोकं खुशाल पुढं करावं. पण पोटच्यासारखं वाढवलेलं रोप कधी पुढं करू नये.