तळ्याची ओटी

आपण उभे आहात ती हिरडाळा तलावाची पाळ. झाडीपट्टीत तलावाच्या मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. समोर पाण्याखाली जे हिरवे रान डोलताना दिसते, त्याला पाहुणे बहुधा शेवाळ समजतात आणि तलाव स्वच्छ का करत नाही, असे विचारतात. ते शेवाळ नव्हे. ते चिला नावाचे पाणगवत आहे आणि ते हाताने लावलेले आहे. वैशाखात पाणी उतरले, की मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या प्रत्येक घरातून त्याचे एक टोपले येते आणि चिखलात रोवले जाते. या विधीला तळ्याची ओटी म्हणतात. सुवासिनीची ओटी खणानारळाने भरतात. तळ्याची ओटी गवताने का भरावी, याविषयी जुनी माणसे जे सांगतात, ते ऐका.

गोंड राजांच्या काळी हा तलाव बांधला गेला, तेव्हा पाणी शेतकऱ्यांचे आणि मासळी ढिवरांची, अशी वाटणी झाली. ढिवरांवर एकच अट होती. माघी पौर्णिमेला पाळीवरच्या देवीच्या, म्हणजे पाळमायच्या ताटात याच तलावातील हातभर लांबीची मरळ ठेवायची. ज्या वर्षी मरळ मिळणार नाही, त्या वर्षी ढिवरांनी घरे उचलून गावाची शीव ओलांडायची. तलावात मरळी इतक्या होत्या, की या अटीची भीती कोणाला वाटतच नसे.

पैका नावाचा ढिवरांचा एक म्होरक्या होता. त्याने मोठ्या हौसेने एक लांबरुंद जाळे विणले. पण ते चिल्यात अडके आणि फाटे. शेजारगावचे ढिवर पाळीवर बसून गंमत पाहत. "पैकाभाऊ, मासे धरता का बैलाले चारा कापता?" असे ते म्हणत. हा टोमणा पैकाच्या जिव्हारी लागला. त्याने सगळा टोला, म्हणजे ढिवरांची अख्खी वस्ती, पाण्यात उतरवून चिला मुळासकट उपटायला घेतला. त्याची म्हातारी आई बिरजा तेवढी आडवी आली.

"जाळं फाटलं तं शिवता येते, बाबू," ती म्हणाली. "तलाव उसवला तं कोन शिवन?"

"माय, गवत काय आपल्या ताटात येते?" पैका म्हणाला. सगळे हसले. संध्याकाळपर्यंत पाळीवर चिल्याचे ढीग पडले.

त्या वर्षी मासळीला लपायला आडोसा उरला नाही. जाळी भरभरून निघाली आणि बिरजेची थट्टा झाली. पुढल्या वर्षी मात्र गवतावर चरणाऱ्या गोगलगायी दिसेनात. त्यांच्या मागोमाग झिंगे आणि बारीक मासे संपले. पाणकावळ्यांनी दुसरा तलाव धरला. पाणी काचेसारखे नितळ झाले होते. पण त्यातल्या मरळींचे डोके तेवढे मोठे राहून धड दोरीसारखे झाले. अखेर एका माघी पौर्णिमेला मोठ्या मुश्किलीने हातभर मरळ सापडली. देवीपुढून उचलल्यावर बिरजेने ती चिरली, तेव्हा तिच्या पोटात नुसता चिखल निघाला, असे सांगतात.

बिरजा पैकाला रागावली नाही.

"सूर्यदेव मासे वाटत नाही, बाबू," ती म्हणाली. "तो शिदोरी देते गवताच्या हाती. गवत आपलं पोट भरते, उरलं ते गोगलगायीले देते. गोगलगाय आपलं खाते, उरलं ते झिंग्याले. ज्याच्या हाती येते तो चालण्या-फिरण्यात खर्चून टाकते. मरळीपाशी येता येता चिमूटभर राहते, अन् आपल्यापाशी त्याहून थोडं. शिदोरी घेणारा पहिला हातच तू तोडला."

दुसऱ्या दिवशी पैका रिकामे टोपले घेऊन शेजारगावच्या तलावावर गेला. तेच ढिवर तिथे बसलेले होते. "काहून गा, आता खरंच चारा न्यायले आला का?" कोणीतरी विचारले. "न्यायलेच आलो," पैका म्हणाला. मग कोणी हसले नाही. निथळते टोपले डोक्यावर घेऊन तो परतला आणि त्याने चिल्याची एकेक काडी स्वतःच्या हाताने रोवली.

पण गवत रुजायला काळ लागतो आणि पौर्णिमा कोणासाठी थांबत नाही. पुढल्या माघात पैकाच्या जाळ्यात हातभर लांबीची एकच मरळ आली. ती ताटात ठेवली असती, तर टोला वाचला असता. तलावातले बीज मात्र संपले असते. पैकाने तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडले, म्हणे, आणि देवीच्या ताटात मूठभर चिला ठेवला. "पाळमाय, मरळ याच्यातच आहे. निंगाले वेळ लागन," एवढेच तो बोलला.

शेतकऱ्यांची मने द्रवली. त्यांनी राहा म्हटले. पण देवीला दिलेला शब्द ढिवरांनी मोडला नाही. त्याच दिवशी ते शिवेबाहेर गेले. मोहफुले वेचून, परक्या शेतांत राबून ते जगले. वैशाख आला, की मात्र ज्या तलावावर आता त्यांचा हक्क नव्हता, त्यात येऊन चिला लावत आणि जाळे न टाकता परत जात. आधी गोगलगायी आल्या, मग झिंगे, मग पाणकावळे. बिरजा तोवर शिवेपलीकडेच वारली. जेव्हा पाळीखाली पुष्ट मरळी उसळताना दिसू लागल्या, तेव्हा शेतकरी स्वतः शिवेवर गेले आणि त्यांनी ढिवरांना एकेकाचे नाव घेऊन घरी बोलावले.

आजही ओटी भरून झाली, की सगळे ढिवर ओल्या अंगाने शिवेपलीकडे जाऊन बसतात. शेतकरी शिवेच्या अलीकडे उभे राहून हाका घालतात. ज्याचे नाव येईल, त्याने ओ देऊन उठायचे. पहिली हाक बिरजेच्या नावाने असते. तिला कोणी ओ देत नाही. मग दुसरे नाव घेतले जाते.