शांतवन गवंड्यानं वाचवलेलं देऊळ

येसरवाडीला एसटीच काय, धड गाडीवाटही नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. गावात शांतवन नावाचा गवंडी होता. दगडाला कान लावला की तो कुठून फुटेल ते त्याला कळायचं, असं म्हणतात.

गाव ख्रिस्ती झालं ते एका अमेरिकन पाद्र्याच्या हातून. त्याच्या पंथासाठी शांतवननं चर्च बांधलं. गाव त्याला देऊळच म्हणे. घराघरातून माणसांनी डोक्यावर दगड वाहून आणले. काळ्या भिंती, सागाचं आढं, आत ना मूर्ती ना वेदी, पश्चिमेला नुसता प्रवचनाचा चौथरा. दार पूर्वेला, कारण गावातल्या सगळ्या घरांची दारं पूर्वेलाच होती.

मग दोन मिशनांनी आपसांत गावं वाटून घेताना नकाशावर रेघ ओढली आणि गाव इंग्रज पाद्र्याच्या पंथात गेलं. गावाला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती!

नवा पाद्री म्हणाला, "वेदी पूर्वेला हवी. तिथं तर दार! रविवारी बिशपसाहेब येतील. तोवर जमलं नाही, तर सोमवारी हे पाडायचं."

शांतवन पुढं झाला. "पाडू नका, साहेब. सहा दिवस द्या. फिरवून देतो."

घरी त्याच्या बायकोनं, रूथबाईनं, कपाळावर हात मारला. "देऊळ म्हंजे काय बैल हाय व्हय, कासरा धरून फिरवायला?"

"देऊळ कशाला फिरवू? दार फिरवतो."

चार दिवसांत पूर्वेचं दार चिणून वेदी उभी राहिली. पाचव्या दिवशी चौथरा काढून पश्चिमेची भिंत फोडायची होती, आणि आढ्याचं टोक नेमकं तिच्यावरच टेकलेलं. गावानं मांडवाचे खांब, घरांचे वासे, मिळेल ते आढ्याखाली लावलं. ते टेकू धरून बायाबाप्ये उभे राहिले, आणि दम टिकावा म्हणून त्यांनी गीत धरलं. नव्या कमानीचा शेवटचा दगड तेवढा राहिला होता, तोच टेकू कडाकडा मोडले.

"गाणं थांबवू नका गं!" रूथबाई ओरडली.

सगळ्यांनी रिकामे हात वर केले. आढं कुरकुरलं, हललं, आणि गीत संपेपर्यंत तसंच अधांतरी थांबलं, असं म्हणतात. शेवटच्या ओळीला शांतवननं दगड ठोकून बसवला.

रविवारी बिशप नव्या दारानं आत आले. मिशनच्या अहवालात पाद्र्याचं कौतुक छापून आलं. गवंड्याचं नाव? एका ओळीतही नाही.

ते येसरवाडीनं जपलं. आजही तिथं उपासनेचं शेवटचं गीत सगळे हात वर करून गातात. नवीन आलेला पाद्री हमखास विचारतो, "ही रीत कुठल्या पंथाची?"

म्हाताऱ्या सांगतात, "पंथाची न्हाई, पाद्रीबाबा. शांतवनबाबाची हाय. गुमान हात वर करा."