शनिवारचा पहिला प्रश्न

शिरवंड्याच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना दर शनिवारी गावातलं कुणीतरी गोष्ट सांगायला येतं. कधी लोहार, कधी पिठाच्या गिरणीवाली. त्यांना कुणी बोलावत नाही, काही देतही नाही. ही रीत कुठून आली असं पाहुण्यांनी विचारलं, की गावातले म्हातारे धर्मूतात्या शेलार डोंगराच्या खिंडीकडे बघतात आणि हौसाक्काचं नाव घेतात.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा खिंडीपलीकडची वाडी बुडाली. माणसं दूर मुलखात वसवली गेली. हौसाक्काचं घर तेवढं उंचावर, कोरडं राहिलं. "माझं बुडालं नाही, मग मी का हलू?" असं म्हणाली म्हणे. नवरा आधीच वारलेला, पोटी मूल नाही. दिवस कलला की ती सवयीने शेजारणीला हाक मारायला तोंड उघडी, आणि मग समोरचं पाणी तिला दिसे.

एका शनिवारी ती मिठासाठी खिंड उतरून शिरवंड्याला आली. गुरुजी तालुक्याला गेलेले आणि वर्गात पोरांची रडारड चाललेली. आक्का उंबऱ्यावर टेकली आणि तिने खेकड्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. पोरं गप्प झाली. ती निघाली तशी त्यांनी तिचा पदरच धरला, "परत कधी येशील?"

तेव्हापासून दर शनिवारी आक्का दोन कोस चालून यायची.

सुंद्री नावाची एक पोर होती, फार चौकस. तिने एकदा मध्येच विचारलं, "आक्का, तू आज कुणाशी बोललीस?"

"तुमच्याशी की."

"आणि त्याच्या आधी?"

आक्का बोटं मोजू लागली. मोजता मोजता थांबली. "मागच्या शनिवारी," ती म्हणाली, "तुमच्याशीच."

त्या दिवशी तिला गोष्ट धड सांगता आली नाही.

पुढे श्रावणात एका शनिवारी आक्का आलीच नाही. शाळा सुटली तरी पोरं जागची हलेनात. गुरुजी रागावले, तशी सुंद्री म्हणाली, "ती पडली असली तर हाक कुणाला मारेल?"

गुरुजी तसेच उठले. धर्मूतात्यांच्या वडिलांना सोबत घेऊन ते खिंड चढले. आक्का अंगणात पडली होती, मांडी मोडलेली. दोन दिवस ती बुडालेल्या वाडीतल्या एकेकाला नावाने हाका मारत होती, असं सांगतात. घोंगडीच्या झोळीतून तिला खाली आणलं. पाय कसाबसा सांधला, पण आवाज गेला तो गेलाच.

शाळेलगतच्या खोलीत तिने एक हिवाळा काढला. शनिवारी पोरं तिला हाताला धरून वर्गात आणत आणि तिच्याच गोष्टी तिला सांगत. गोष्ट चुकली की आक्का मान हलवी. पोरं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. माघात ती गेली. तिला आग द्यायला रक्ताचं कुणी नव्हतं. ते गुरुजींनी केलं.

आजही शनिवारी कुणी गोष्ट सांगायला आलं, की मुलं आधी विचारतात, "आज कुणाशी बोललात?" उत्तर खरं द्यावं लागतं. 'कुणाशीच नाही' म्हणणाऱ्याला मुलं मधोमध बसवतात. मग त्या दिवशी गोष्ट मुलं सांगतात, आणि त्याने नुसतं ऐकायचं असतं.